रेडिओकाकांनी बांधलेलं मशीन

रेडिओकाका कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिचा वास घेत. मदरबोर्ड असो, रॅम असो, नाहीतर कुणी पिशवीतून आणलेला बंद पडलेला चार्जर असो. चष्मा कपाळावर सरकवायचा, डोळे मिटायचे आणि वस्तू नाकाशी धरायची. "जळालंय," म्हणाले की जळालेलं असायचंच. "ह्यात पाणी गेलंय," म्हणाले की समोरचा माणूस ओशाळून कबूल करायचा की होय, पोरानं चहा सांडला. भोरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत पिठाची गिरणी आणि शिंप्याचं दुकान यांच्या मधोमध त्यांची एक खोली होती. एका अंगाला दळणाचा वास, दुसऱ्या अंगाला गरम इस्त्रीचा वास, आणि या दोन्हींच्या मध्ये बसून या माणसाला जळक्या तारेचा वास नेमका यायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. पुढं मीही वास घ्यायला लागले.

दुकानावरची पाटी शेवटपर्यंत बदलली नव्हती: रेडिओ, टीव्ही, टेप दुरुस्ती. रेडिओ गेले, टेप गेले, टीव्ही भिंतीला चिकटले, पण लोकांच्या तोंडी नाव बसलं ते बसलं. मग कचेऱ्यांतले कॉम्प्युटर आले, ते त्यांनी शिकून घेतले. साठीला टेकल्यावर पोरं खेळायची मशीनं मागायला लागली, तीही शिकून घेतली. इतक्या वयात हे कसं जमलं, असं कुणी विचारलं तर त्यांना रागच यायचा. "रेडिओत बाई गात व्हती, ह्यात पोरं बंदुका उडवत्यात. आत वीज तीच हाय. तिला काय ठावं बाहेर काय चाललंय?"

मशीन जोडायला घेण्याआधी ते बाहेर जाऊन नगरपालिकेच्या नळाच्या लोखंडी पाइपाला हात लावून येत. अंगात साठलेली वीज जमिनीत उतरावी, सुट्या भागांना तिचा झटका बसू नये, एवढंच त्यात होतं. पण लांबून बघणाऱ्याला तो नमस्कारच वाटायचा. गिरणीत दळण घेऊन येणारी एक म्हातारी काही दिवसांनी स्वतःही त्या पाइपाला हात लावून, तो हात कपाळाला लावून जायला लागली. काकांनी तिला एकदा समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि जाताना पुन्हा पाइपाच्या पाया पडली. तेव्हापासून काकांनी तिला समजावण्याचा नाद सोडला.

मी आंबवड्याची. देवळाच्या वाटेवर पप्पांचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, सहा टेबलं, पिठलं-भाकरी, मिसळ, चहा. शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या येतात, बाकीचे दिवस गावातली माणसं पेपर वाचायला बसतात. बीकॉम झाल्यावर मी गल्ल्यावर बसावं हे घरात ठरल्यातच जमा होतं, कारण भाऊ नाही आणि बहिणीचं लग्न झालेलं. पण मला एक खेळ चांगला यायचा. पाच जण या बाजूला, पाच जण त्या बाजूला, ऑनलाइन लढाई. चांगला म्हणजे चांगला. उगाच विनय दाखवत नाही. चुलतभावाच्या खटारा लॅपटॉपवर खेळून मी पुण्या-मुंबईच्या पोरांना रडवत होते. पुण्यातला एक संघ मुलींची तुकडी उभी करत होता. निवड झाली तर तिथंच एका घरात सगळ्यांनी राहायचं, सराव करायचा, महिन्याला मानधन. थंडीत निवडीचे सामने होते. मी पप्पांच्या पंधरा दिवस मागं लागले होते. शेवटी ते म्हणाले, "पुढच्या पाडव्यापातुर. मशीन घेऊन देतो. जमलं तर जा. न्हाई जमलं तर मग हितं बसायचं, आन् पुन्यांदा इषय काढायचा न्हाई." मी कबूल केलं. मला न जमण्याची भीती नव्हतीच.

मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून केलेली यादी घेऊन मी काकांच्या खोलीत शिरले. काचेचा कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे पंखे, रंगीत दिव्यांची रॅम. काकांनी यादी वाचली, खिशात घातली आणि मला स्टुलावर बसवलं. मग तासभर डॉक्टरासारखे प्रश्न. काय खेळती? किती वेळ? आंबवड्यात लाईट दिवसातनं किती येळा जाती? मशीन ठेवणार कुठं? भट्टी किती लांब? पंखा हाय का वर? मी म्हटलं, "काका, पार्ट सांगा ना." ते म्हणाले, "तेच सांगतोय. लोकं आधी कार्ड इचारत्यात. कार्ड म्हंजी बैल. खिलारी बैल आणलास आन् दावणीत वैरण न्हाई, तर बैल काय तुझं थोबाड बघून नांगर वढील?" वैरण म्हणजे पॉवर सप्लाय. त्यात त्यांनी एक पैसा कमी करू दिला नाही. दिवे मात्र सगळे उडवले. "लाईटी गणपतीत लावायच्या. आन् काच शोकेसला. तुला पत्र्याचा डबा देतो, लई हवा खेळणारा." जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या पाठीवर त्यांनी नवी यादी लिहिली. माझ्या यादीतलं त्यात फक्त ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र पळवणारं, उरलं होतं. त्याच्यापुढं त्यांनी बरोबरची खूण केली आणि म्हणाले, "ह्ये मातुर तू नीट निवडलंस." त्या खुणेनं मला बीकॉमच्या निकालापेक्षा जास्त आनंद झाला होता.

मशीन त्यांनी माझ्या हातानं जोडून घेतलं. दुसऱ्या गिऱ्हाइकाला ते उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावायची वेळ आली तेव्हा मी ट्यूब दाबली आणि ते ओरडले, "शिताएवढं! भाताच्या शिताएवढं! पंगत न्हाई वाढायची!" मशीन सुरू झालं, पंखे फिरले, पडदा उजळला, तेव्हा या माणसानं काय केलं असेल, तर वाकून कॅबिनेटच्या मागच्या जाळीला नाक लावलं. बराच वेळ वास घेतला. मग म्हणाले, "निरोगी हाय." त्या दिवसापासून मी त्यांची 'कॅप्टन' झाले. ते स्वतः मशीन घेऊन आंबवड्याला आले, भट्टीपासून सगळ्यात लांबच्या खोलीत मांडून दिलं, अर्थिंगची तार परसात पुरून दिली, आणि जोडणीचं काही घ्यायला तयार होईनात. "घरच्या पोरीचं कुठं घेत्यात व्हय?" पप्पांनी त्यांना पिठलं वाढलं. दोघांचं असं जमलं की त्यानंतर पप्पा बाजाराला गेले की काकांकडं अर्धा तास टेकल्याशिवाय परत येत नसत.

दसऱ्याला एक गंमत झाली. म्हणजे तेव्हा ती गंमत होती. आमच्याकडं खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा होते: भट्टी, झारे, विळे, पप्पांची मोटारसायकल. आईनं यंदा मशीनही पूजायचं ठरवलं. मी नेमका त्याचा पत्रा काढून ब्रशनं धूळ झाडत बसले होते. ओलं हळद-कुंकू घेऊन ती समोर उभी राहिली. "ह्यातलं सगळ्यात महाग काय हाय?" मी हसत कार्डाकडं बोट दाखवलं. "मग ह्यालाच लावते," म्हणाली, आणि मी हां हां करेपर्यंत कार्डाच्या पाठीवरच्या काळ्या पत्र्यावर तिनं दोन बोटं टेकवली सुद्धा. हळद पुसली गेली, पण कुंकू तिथल्या कोरीव अक्षरांच्या खाचेत जाऊन बसलं. घाबरून मी काकांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, पाच मिनिटं नुसते हसत होते. "काय व्हत न्हाई, पत्र्यावर हाय. ऱ्हाऊ दे. आईचा हात लागलाय, आता तुला कोण हरवतंय?"

दिवाळीच्या तोंडावर त्यांचाच निरोप आला, सामन्यांआधी एकदा मशीन आणून दे, साफसफाई करून देतो. टेम्पोतून मशीन गेलं आणि चार दिवसांनी परत आलं. पत्र्याच्या फटीवर त्यांनी सही केलेली कागदी पट्टी चिकटवली होती. "ह्ये फाडायचं न्हाई, कॅप्टन. गॅरंटी जाईल. आता तू बी उघडायचं न्हाई. न्हाईतर आई पुढल्या खेपेला नारळ फोडंल त्याच्यावर." मी खळखळून हसले. काकांनी बंद केलेलं मशीन उघडावं असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नसतं.

मार्गशीर्षात सामने सुरू झाले. पहिली पंधरा-वीस मिनिटं मी नेहमीसारखी खेळायची. मग पडद्यावरचं चित्र अडखळायला लागायचं. समोरचा माणूस भिंतीआड आहे असं दिसायचं, आणि मी मेलेली असायची. डोळा मिटून उघडावा एवढाच वेळ जायचा, पण त्या खेळात तेवढाच वेळ म्हणजे सगळं असतं. मी इंटरनेट तपासलं, खेळ काढून पुन्हा टाकला, मशीनसमोर टेबलफॅन लावला. मग दुपारच्या एसटीनं मशीन मांडीवर घेऊन भोरला गेले. काकांनी ते चालू केलं, मागच्या जाळीला नाक लावलं. त्या दिवशी त्यांनी जरा लवकरच डोळे उघडले, हे मला आज आठवतंय. तेव्हा काहीच जाणवलं नाही. म्हणाले, "मशीन निरोगी हाय."

"मग अडखळतं का, काका?"

ते चष्मा पुसत राहिले. "मशीनचं काय न्हाई गं. तुझाच हात मंदावलाय. घाबरलीस तू. लई जणांचं व्हतं असं."

मी त्यांचं ऐकलं. दुसरं कुणी म्हणालं असतं तर भांडले असते. पण रेडिओकाका म्हणाले निरोगी, म्हणजे निरोगी. त्या रात्रीपासून मी माझ्याच बोटांकडं संशयानं बघायला लागले. उरलेले सामने मी इतक्या भीत भीत खेळले की मशीन नीट चालत होतं त्या वेळीही चुकले. यादीत माझं नाव आलं नाही. संघाच्या बाईंनी फोन करून सांगितलं, सुरुवात छान करतेस, पण लांबच्या खेळात टिकत नाहीस. पाडव्याला पप्पांनी गुढी उभारली आणि मी गल्ल्यावर जाऊन बसले. त्यांनी एका शब्दानं टोचलं नाही. मीही कबूल केल्याप्रमाणं पुन्हा विषय काढला नाही. मशीनवर आईनं चादर टाकून ठेवली. माझी समजूत पक्की झाली होती की आपण गावात हुशार होतो, तेवढंच.

काकांकडं जाणं मात्र थांबलं नाही. बाजाराच्या दिवशी हॉटेलचं सामान घ्यायला मी भोरला जायची आणि उरलेली दुपार त्यांच्या खोलीत काढायची. त्या दिवसांत ते माझ्याशी फार मायेनं वागत. चहा मागवायचे, वर भजी मागवायचे. डाग द्यायला, म्हणजे तुटलेली तार वितळलेल्या कथलानं जोडायला, त्यांनीच शिकवलं, मीटर लावायला शिकवलं, कुठला पंखा हवा आत ओढतो आणि कुठला बाहेर फेकतो ते मेणबत्तीचा धूर धरून दाखवलं. "तुझा हात चांगला हाय," असं पुन्हा पुन्हा म्हणायचे. हरलेल्या पोरीला धीर देतायत, असं मला वाटायचं. मनात म्हणायची, सख्ख्या काकानं इतकं केलं नसतं.

वर्षभरानं त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठवडाभर दुकान बघशील का, असं त्यांनी विचारलं आणि पप्पांनीही लगेच हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी भोंगवलीच्या एका पोल्ट्रीवाल्याचा मुलगा मशीन घेऊन आला. पंखा घरघर करत होता. मुलगा बोलका होता. "ताई, तुमीच न्हवं का आंबवड्याच्या? आमच्या वडलांनी काकांना तुमच्या मशीनसारखंच जसंच्या तसं बांधून द्या म्हणून सांगितलं व्हतं. तुमचं घेतलं त्याच सालच्या दिवाळीत घेतलं." मला जरा बरंच वाटलं. मी नळाच्या पाइपाला हात लावून आले आणि पत्रा काढला. आत कोंबड्यांची पिसं आणि भुसा. ब्रशनं झाडत झाडत कार्डापर्यंत आले, त्याच्या पाठीवरचा धुळीचा थर फडक्यानं पुसला. खाचेतलं कुंकू वर आलं.

मी ते कितीतरी वेळ बघत उभी होते. शेजारी गिरणी चालू होती, पोरगा काहीतरी बोलत होता. आईची दोन बोटं मला ओळखू येणार नाहीत तर कुणाला? मी त्याचा पंखा दुरुस्त केला. पत्रा लावला. मशीन त्याच्या हातात दिलं. त्या पोराचं काय चुकलं होतं? मग दुकानाला कुलूप घातलं, एसटी पकडून घरी आले, आईची चादर काढली, काकांच्या सहीची पट्टी नखानं फाडली. आत तसंच कार्ड होतं, त्याच नावाचं, त्याच रंगाचं. पाठीवर कुंकू नव्हतं. एका कोपऱ्यात डाग दिलेला होता. काकांचा डाग मी कुठंही ओळखेन. त्यांनीच तर शिकवला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले तेव्हा काळा चष्मा लावून पलंगावर बसले होते. मी काहीही नमस्कार-चमत्कार न करता म्हटलं, "भोंगवलीचं मशीन आलं होतं." त्यांनी चष्मा काढला. एक डोळा लाल, त्यातून पाणी येत होतं. तो त्यांनी बाहीनं टिपला. मग म्हणाले, "कळलं तुला."

सगळं त्यांनीच सांगितलं. पोल्ट्रीवाल्याचं नवंकोरं कार्ड बसवताना स्क्रूड्रायव्हर घसरला होता. दिसतच नव्हतं धड. कुणाला सांगितलं नव्हतं की डोळ्यांना कमी दिसतंय. सांगितलं असतं तर कोण मशीन देणार हातात? कार्डावरची वीज वाहणारी बारीक रेघ तुटली. त्यांनी ती डाग देऊन जोडली. चालायला लागलं, पण तापलं की दमायचं. दुसरं कार्ड यायला दोन महिने लागणार होते आणि पोल्ट्रीवाला दारात उभा. "त्यो गावभर बोंबलला असता. चाळीस वर्साचं नाव गेलं असतं."

"म्हणून माझं काढलंत?"

"परक्याचं कसं काढू? तू घरची. म्हणलं, दोन म्हयन्यात नवं यील, गुपचूप बसवून टाकू. घरच्यांत चालतंय."

आजही हे वाक्य आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. परक्याला फसवायला या माणसाला लाज वाटली, आणि माझ्या बाबतीत मायासुद्धा आड आली नाही. उलट मायेनंच वाट करून दिली. मी विचारलं, "मी सामन्यांच्या वेळी मशीन घेऊन आले होते. तेव्हा का नाही सांगितलंत? मला म्हणालात हात मंदावला." ते म्हणाले, "तवा सांगायलाच पायजे व्हतं." "आणि नंतर नवं कार्ड आलं असेल ना? तेव्हा का नाही बसवलंत?" यावर त्यांनी मान खाली घातली. "तू हरल्यावर बसवलं असतं, तर मशीन नीट चाललं असतं. तुला कळलं असतं."

मला रडू येत नव्हतं, राग येत होता. बाहेर पडता पडता मी वळून विचारलं, "निदान कुंकू तरी पुसायचं होतंत. मला कधीच कळलं नसतं."

"कुंकू कसं पुसू?" ते खरंच दचकून म्हणाले. "आईनं लावल्यालं."

कार्ड काढताना त्यांचा हात धजावला, कुंकू पुसताना नाही. हा माणूस असा होता. माझा राग त्यानं तसूभर कमी झाला नाही, पण त्यांना नुसतं चोर म्हणून मोकळं होणं मला तेव्हापासून जमलेलं नाही.

मी त्यांच्याकडं एकच गोष्ट मागितली. नवं कार्ड नको, माफी नको. "पप्पांना सांगा. तुम्ही स्वतः येऊन सांगा की मी हरले नव्हते." पप्पांना खरं कळलं तर ते आपला शब्द पुन्हा मांडतील, मला आणखी एक वर्ष देतील, असा माझा हिशोब होता. माझ्या तोंडून ते पटलं नसतं. हरलेली पोर सबबी सांगते, असंच वाटलं असतं. काका हो म्हणाले. पंधरा दिवसांनी, डोळा बरा झाल्यावर, ते आंबवड्याला आले. मी मुद्दाम आईबरोबर ओढ्यावर गेले, त्यांना मोकळेपणी बोलता यावं म्हणून. परत आले तेव्हा ते एसटीची वाट बघत रस्त्याकडेला उभे होते.

"सांगितलंत?"

"सांगितलं," ते म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता गाडीत चढले.

मी वाट पाहिली. त्या संध्याकाळी पप्पांनी नेहमीसारखी भट्टी विझवली, नेहमीसारखे जेवले, उद्या बेसन संपतंय म्हणाले. दुसऱ्या दिवशीही काही नाही. आठवडा गेला. मग मला कळून चुकलं की काका आले, पिठलं खाल्लं, गप्पा मारल्या आणि तोंड न उघडता निघून गेले. पहिल्या फसवणुकीपेक्षा ही मला जास्त लागली. पहिली घाबरून केली होती. ही तर डोळा बरा झाल्यावर, शांतपणे केली होती. मी बाजाराच्या दिवशी त्यांच्या खोलीत गेले, आत न जाता उंबऱ्यातूनच म्हणाले, "तुम्ही खोटारडे आहात, काका." शिंप्यानं मशीन थांबवून बघितलं. काकांच्या हातात कुणाची तरी रॅम होती. त्यांनी ती खाली ठेवली. एवढंही म्हणाले नाहीत की नाही गं, मी सांगितलं होतं. त्यांच्याशी बोललेलं ते माझं शेवटचं वाक्य.

त्यानंतर मी भोरच्या त्या गल्लीतून जाणं बंद केलं. आंबवड्यातच, भट्टीपासून लांबच्या त्या खोलीत, लोकांची मशीनं बघायला लागले. नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंतची पोरं येतात. मी त्यांना स्टुलावर बसवते, लाईट किती वेळा जाते ते विचारते, दिव्यांच्या यादीवर काट मारते. पेस्ट शिताएवढीच लावते. माझ्या हातून काही बिघडलं तर गिऱ्हाईक जाण्याआधी त्याच्या तोंडावर सांगते. दोघा-तिघांनी शिव्या घालून मशीन परत नेलं, तरीही सांगते. जे काही येतं ते त्यांनी शिकवलेलं, आणि जे काही करत नाही तेही त्यांच्यामुळंच.

या पावसाळ्यात काका गेले. पप्पा दहाव्याला जाऊन आले, मी गेले नाही. परत आल्यावर पायांवर पाणी घेऊन ते बाकावर बसले. दुपार होती, एकही टेबल भरलेलं नव्हतं.

"लई माणसं आल्ती," पप्पा म्हणाले. "समदी एकच म्हणत व्हती, एवढा सरळ माणूस पुन्यांदा व्हायचा न्हाई."

माझ्यानं राहवलं नाही. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं मी भडाभडा बोलून टाकलं. कार्ड, भोंगवली, कुंकू, हात मंदावलाय म्हणालेले ते. "आणि तुम्हाला येऊन सांगा म्हटलं, तर इथं बसून पिठलं खाऊन गेले. मला म्हणाले, सांगितलं. सरळ माणूस!"

पप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. त्याची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

"सांगितलं व्हतं त्यांनी," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"समदं सांगितलं. हितंच, ह्या बाकावर. रडलं ते. म्हणलं, नवं कार्ड म्या आणून देतो, पोरीला आजून एक वरीस द्या, तिचा हात लई चांगला हाय."

"मग?"

"म्या न्हाई म्हणलं. म्हणलं, आता बसलीया ती हितं, रमलीया. मला कळलंय ह्ये तिला कळू देऊ नका." पप्पा माझ्याकडं बघत नव्हते. "शब्द घेतला त्यांच्याकडनं. त्यांनी पाळला."

आत आई भाकऱ्या थापत होती. तिचा हात थांबला होता. म्हणजे ती ऐकत होती, किंवा तिला आधीच ठाऊक होतं. मी तिला विचारलं नाही. डोळ्यांसमोर उंबऱ्यातली मी होते, आणि रॅम खाली ठेवणारे काका. मला इतकं रडू आलं की पुढचं बोलता येईना. ज्या माणसानं मला फसवलं होतं, त्याच्यासाठी रडत होते. ज्यांनी मला वाढवलं होतं, ते समोर टॉवेलची घडी घालत बसले होते.

"का, पप्पा?"

"तू गेली असतीस," ते म्हणाले. "पुण्याला गेली असतीस. मग हितं कशाला आली असतीस?"

"दर रविवारी आले असते," मी म्हणाले. "तुम्ही विचारायचं तरी होतं."